बेबीताई, तुझा निकाल मी वाचून दाखवला

बेबीताई,

तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले. क्रेमॅटोरियममध्ये आपल्याला चाळीस मिनिटांचा स्लॉट मिळाला होता. त्यातली अकरा मिनिटं मी बोललो आणि अकराच्या अकरा तुझ्या बायोडेटावर घालवली. कुठे शिकलीस, कुठे शिकवलंस, पश्चिम आफ्रिकेतल्या घराघरांतल्या शेतीवर किती वर्षं काम केलंस. तुझी भावजय, मेधा, मागून कोटाची बाही ओढत होती. परत येताना गाडीत म्हणाली, "अरे, तू बहिणीबद्दल बोलत होतास की तिला नोकरी लावून देत होतास?"

म्हणून आता हे लिहायला बसलोय. इथे स्लॉट नाही आणि बाहीही कुणी ओढत नाही. शिवाय एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. डिसेंबरात तुझ्या दवाखान्यातून आलेल्या फोनची. त्या फोनबद्दल मी तुला जे सांगितलं ते खरं नव्हतं. तू होतीस तोवर जीभ उचलली नाही. सांगतो. पण मी कसा आहे हे तुला ठाऊक आहे. "तुझ्या गोष्टीला प्रस्तावना फार आणि गोष्ट थोडी," असं तूच म्हणायचीस. तर आधी प्रस्तावना.

ठाण्याचं आपलं दोन खोल्यांचं घर. मोरीशेजारी तांब्याचा बंब. सकाळी पहिलं पाणी बाबांचं, कारण त्यांना ऑफिस. दुसरं माझं, कारण मी मुलगा होतो आणि शिवाय रडका होतो. तिसरं तुझं. आणि उरलेल्या कोमटात आई. तू तेव्हा अकरा वर्षांची असशील. भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर तू महिनाभर तक्ता ठेवलास: कोणाचा कितवा नंबर, पाणी कढत, गरम, कोमट की गार. महिना संपल्यावर जेवताना तो सगळ्यांना वाचून दाखवलास. बाबा म्हणाले, "आधी भूगोलात किती पडले ते वाच." आई लाजली. म्हणाली, "अगं, मला गारच आवडतं."

"मग बाबा नाशकाला गेले होते तेव्हा चारही दिवस कढत का घेतलंस?" तू विचारलंस. "तक्त्यात आहे."

त्या दिवशी वरणात मीठ जास्त झालं होतं आणि त्याबद्दल कुणी बोललं नाही, एवढंच मला आठवतं. मी पाच वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशीही मी दुसऱ्या नंबरलाच आंघोळ केली.

पुढे तू अर्थशास्त्र शिकलीस, इकडे परदेशात आलीस, आणि मग घानाच्या उत्तरेला जाऊ लागलीस. आई शेजारणींना सांगायची, "बेबी आफ्रिकेत शेती करते." शेजारणी विचारायच्या, "का गं, इथे मिळाली नाही का?" मीही फार वेगळा नव्हतो. मीही इकडे आल्यावर हॅरिस पार्कच्या तुझ्या फ्लॅटवर पहिले पाच महिने राहिलो, तेव्हा तू भात शिजेपर्यंत मला तुझं काम समजावून सांगितलं होतंस. एकच घर, एकच पाऊस, जवळजवळ एकच माती. पण नवऱ्याचं शेत वेगळं आणि बायकोचं वेगळं. त्याचा मका, तिचा भुईमूग. आणि तिच्या शेतात पीक कमी.

"शिकलेले लोक म्हणतात, बायकांना शेतीतलं कळत नाही," तू म्हणालीस. "मी तिथे जाऊन उभी राहिले. बाईला सगळं कळतं. बैल तिच्याकडे शेवटी येतात. आधी नवऱ्याचं शेत, मग दिराचं, मग सासऱ्याच्या भावाचं. तिची नांगरट होते तोवर पावसाचे चांगले दिवस निघून गेलेले असतात."

मी म्हटलं, "मग बैल आधी द्या तिला. एवढ्यासाठी इतकी वर्षं?"

"सॉफ्टवेअरवाल्या, तुला वाटतं प्रायॉरिटी बदलली की झालं."

"पण ताई, घर म्हणजे एकच ना? ज्या शेतात जास्त पिकतं तिथे आधी बैल जाणार. धान्य शेवटी सगळ्यांच्याच ताटात येतं."

"येतं का? मोजलंयस?"

हे भांडण आपलं वीस वर्षं चाललं. कधी पॅरामॅटा स्टेशनवरून चालत येताना, कधी मिठाईच्या दुकानात रांगेत. तिथला पंजाबी काका एकदा म्हणाला होता, "बहनजी, पहले बर्फी ले लो, बैल बाद में." मी म्हणायचो, घर म्हणजे एक. तू म्हणायचीस, आधी घरात माणसं किती आहेत ते मोज. मी हरत आलो की विषय बदलायचो आणि तू दाण्याची आमटी वाढायचीस. ती आमटीही एक प्रकरणच होती. तिकडेही दाण्याची आमटी करतात म्हणून तू एकदा हौसेने आपली उपासाची आमटी त्या गावातल्या बायकांना करून घातलीस. त्यांनी चव घेतली, एकमेकींकडे पाहिलं आणि एकीने मुकाट्याने त्यात सुके मासे टाकले. नेमकी एकादशी होती. तू ती खाल्लीस. आईला कधीच सांगितलं नाहीस आणि मला मात्र दर एकादशीला सांगितलंस.

मी एकदाच तिकडे आलो. दोन आठवडे रजा घेऊन, डोक्यावर मोठी हॅट घालून. तुझ्या बायका मला बघून इतक्या हसल्या की मला वाटलं आपण लोकप्रिय झालो. सलामातूने नंतर सांगितलं की ती हॅट तिकडे बुजगावण्याला घालतात. सलामातू म्हणजे त्या गावाजवळची निवृत्त शिक्षिका. पहिल्या वर्षापासून तुझा शब्द त्यांच्या भाषेत आणि त्यांचा शब्द तुझ्या इंग्रजीत नेणारी. तू तिला बहीण म्हणायचीस. मला तिचा थोडा मत्सर वाटायचा.

तू मला कामाला लावलंस. जमीन मोजायचं यंत्र दिलंस, फॉर्म दिलेस आणि एकच नियम सांगितलास: जिचं शेत असेल तिलाच विचारायचं, एकटीला, आणि तिच्याबरोबर बांधावरून चालायचं. मी "हो हो" म्हटलं. तासाभरात तीन फॉर्म भरून, वर्ल्ड कप आणल्यासारखा परत आलो.

"तीन? तासाभरात?"

"सिस्टिम असते, ताई."

"उत्तरं कुणी दिली?"

"घरमालकांनी. फार सज्जन माणूस. तिन्ही सुनांच्या शेतांची माहिती तोंडपाठ."

"आणि सुना?"

"तिथेच होत्या की. हसत होत्या."

तू तिन्ही फॉर्म माझ्यासमोर फाडलेस. चार लोकांदेखत. दुसऱ्या दिवशी त्या सुनांतल्या सर्वांत मोठीबरोबर, अझाराबरोबर, मला पाठवलंस. घरमालकाने सांगितलेल्या शेताला चार कोपरे होते. अझारा मला घेऊन चालली तेव्हा त्याच शेताला सात कोपरे निघाले. एक मोठा दगड होता, तिथे ती दुपारी बसते. एक तुकडा तिने धाकट्या जावेला दिलेला होता आणि ते घरात कुणाला माहीत नव्हतं. सलामातू मागून ओरडली, "लिहू नकोस ते!" मी लिहिलं नाही. आजवर कुणाला सांगितलंही नव्हतं. आता अझाराची जाऊ वारली, म्हणून सांगतो.

शेवटच्या दिवशी तुझा तो रिवाज पाहिला. मोठ्या शियाच्या झाडाखाली, ज्याच्या बियांचं लोणी काढतात त्या झाडाखाली, बायका येऊन बसल्या. तू उभी राहून मागच्या वर्षाच्या कामात काय सापडलं ते सांगितलंस. त्याला तू 'निकाल' म्हणायचीस. "परीक्षा त्यांनी दिली. निकाल मी परदेशात छापून मोकळी होते. त्यांना नको कळायला?" तू बैलांचं सांगितलंस तेव्हा अझारा उठली आणि म्हणाली, बैलांचं खरं आहे, पण अर्धंच. बैल आले तरी आमचे हात आधी त्याच्या शेतातली निंदणी करतात, आमच्या शेताला संध्याकाळचे थकलेले हात मिळतात. तू तिथेच मातीत बसून वहीत लिहून घेतलंस. पुढे त्यावरचा लेख बदललास. एवढी मोठी प्रोफेसर आणि मान खाली घालून लिहितेय. तुला कुणी चुका दाखवतंय आणि तू आनंदात आहेस हे दृश्य मला घरी कधी बघायला मिळालं नव्हतं.

गेल्या वर्षी तू आमच्याकडे स्कोफिल्ड्सला खालच्या खोलीत राहायला आलीस. केमो सुरू झाली होती. खरं सांगू? ते महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. हे लिहायलाही लाज वाटते. पण ठाणं सुटल्यापासून पहिल्यांदाच तू एका हाकेच्या अंतरावर होतीस. मी वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली दिवसातून सहा वेळा चहा करायला खाली यायचो. ईरा कॉलेजमधून आली की तुझ्या पलंगावर आडवी व्हायची आणि तू तिच्याशी मराठीत आणि ती तुझ्याशी इंग्रजीत, असं तासन्‌तास चालायचं. "आत्या, दॅट्स सो अनफेअर," हे वाक्य मला वरपर्यंत ऐकू यायचं. तू तिला बंबाचं सांगत असणार, असं मी समजायचो.

आणि तू काम संपवत होतीस. गावात भाड्याचे ट्रॅक्टर आले होते. बैलांची रांग गेली, आता तरी बाईची नांगरट वेळेवर होते का, एवढंच तुला बघायचं होतं. उत्तर सापडलं त्या दिवशी तू मला हाक मारलीस. ट्रॅक्टर फोनवर बोलावतात आणि फोन नवऱ्याचा. म्हणून तोही शेवटीच येतो. पण जिथे पाचसहा बायकांनी मिळून एकदम निरोप धाडला, तिथे ट्रॅक्टरवाला आधी आला, कारण एका फेरीत मोठं काम. "बघ," तू म्हणालीस, "हे त्यांना पेरणीच्या आधी कळायला हवं. मी जानेवारीत जाऊन निकाल सांगते. नाहीतर त्या म्हणतील, हीसुद्धा बाकीच्यांसारखी, आमची उत्तरं घेऊन गेली ती गेलीच."

मी हो हो म्हटलं. पुन्हा तेच हो हो.

आता तो फोन. तू कधी फोन उचलत नाहीस म्हणून दवाखान्यात माझा नंबर दिलेला होतास. डिसेंबरातली सकाळ होती, तू झोपली होतीस, मी भांडी डिशवॉशरमध्ये लावत होतो. नर्स म्हणाली, डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले. शी कॅन गो. दोन आठवडे, केमोच्या पुढच्या सायकलच्या आधी. प्रवासासाठी पत्र देतो, तिला विचारून कळवा. जायचं तर आत्ताच, असंही म्हणाली. त्या 'आत्ताच'चा अर्थ मला बरोबर कळला.

मी म्हटलं, "शी हॅज डिसायडेड नॉट टू ट्रॅव्हल."

"ओह. शी वॉज सो कीन."

"येस. बट नो."

"नो वरीज," नर्स म्हणाली आणि फोन ठेवला.

ईरा टोस्टला बटर लावत होती. तिने वर पाहिलं. "बाबा, डिड आत्या से दॅट?"

"तू निघ आता. उशीर होतोय."

"बट डिड शी?"

"ईरा."

ती गेली. तू उठलीस तेव्हा मी चहा घेऊन आलो आणि सांगितलं की दवाखान्यातून फोन होता, ते प्रवासाला फारसे राजी नाहीत. 'फारसे' हा शब्द मी मुद्दाम घातला, म्हणजे पूर्ण खोटं होणार नाही अशी माझी सोय. तू खिडकीबाहेर पाहिलंस. समोरच्या प्लॉटवर घर बांधत होते, त्या माणसांकडे बराच वेळ बघत राहिलीस. मग म्हणालीस, "ठीक आहे. डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं." आयुष्यात पहिल्यांदा तू न मोजता एखादं उत्तर मान्य केलंस आणि तेच नेमकं खोटं होतं.

पुढच्या अपॉइंटमेंटला तीच नर्स तुला म्हणाली, "शेम अबाउट द ट्रिप." तू म्हणालीस, "इट इज, इजन्ट इट." दोघी एकमेकींकडे बघून हळहळलात. मी भिंतीवरचं हात कसे धुवावेत याचं पोस्टर इतक्या मन लावून वाचत होतो की आता मला त्या सगळ्या पायऱ्या पाठ आहेत.

का केलं? मी स्वतःलाही सांगत होतो की तुझ्या तब्येतीसाठी. तिथे काही झालं असतं तर, हॉस्पिटल लांब, ऊन, विमानं. हे सगळं खरंच होतं. पण डॉक्टरांना ते माझ्याआधी माहीत होतं. मला तू खालच्या खोलीत हवी होतीस, ताई. ते दोन आठवडे मला तुझ्या बायकांना द्यायचे नव्हते. घर म्हणजे एक, असं म्हणत म्हणत मी तुझं उत्तर देऊन टाकलं.

तू सलामातूला फोन करून सांगितलंस की डॉक्टर नाही म्हणतात, पुढच्या वर्षी येते. फेब्रुवारी संपायच्या आत तू गेलीस.

तू गेल्यावर दोन आठवड्यांनी सलामातूचा फोन आला. ती रडली, मी रडलो, मग ती शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "पेरणी जवळ आली. बायका विचारतात, निकाल कोण सांगणार?" तुझी पानं माझ्याकडे होती. मी म्हटलं, मी वाचतो. मेधा म्हणाली, "तुला जमेल?" मी म्हटलं, "अकरा मिनिटं तर नक्की जमेल."

गेल्या रविवारी आपल्याकडे संध्याकाळचे सात, तिकडे सकाळचे आठ. झाडाखाली सलामातूने फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता. वीसेक बायका असतील. अझारा पुढेच, पाय लांब करून. फार म्हातारी झाली आहे. इकडे मी, मेधा आणि ईरा. मी तुझी पानं वाचत गेलो, सलामातू सांगत गेली. पाचसहा जणींनी मिळून निरोप धाडायचा, या भागाला तिकडे गलका झाला. एक जण दुसरीला कोपराने ढोसत होती. कोणीतरी म्हणालं, हे आम्ही गेल्या वर्षीच करून पाहिलं, आम्हाला काय सांगता! सगळ्या हसल्या. तू असतीस तर वही काढली असतीस, म्हणून ईराने लिहून घेतलं.

तिथेच थांबता आलं असतं. पानं संपली होती. ईरा माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "सलामातू, अजून एक सांगायचंय. डॉक्टरांनी तिला जानेवारीत यायची परवानगी दिली होती. ती येणार होती. मी तिला ते कळू दिलं नाही."

मेधाने माझ्याकडे पाहिलं. तिलाही हे तेव्हाच कळलं. सलामातूने फोन तोंडाजवळ घेतला. मग विचारलं, "हे मी त्यांना सांगू?"

"सांग."

तिने सांगितलं. मला भाषा येत नाही, पण शब्द कुठे पोचला ते कळलं. गलका थांबला. मग अझारा बोलू लागली, हळू, बोट फोनकडे करून. बरंच बोलली. सलामातूने एकदा डोळे पुसले, एकदा तिला हसू आल्यासारखं वाटलं.

"ती म्हणते," सलामातू म्हणाली, "आम्ही तिच्यावर रागावलो होतो. झाडाखाली झाडून ठेवलं, कोंबडी राखून ठेवली, आणि ती आली नाही. आम्ही म्हटलं, डॉक्टरांचं नुसतं निमित्त, हीसुद्धा तसलीच. ती मेली तेव्हाही आमच्यातल्या काहींचा राग गेला नव्हता. आज तो राग आम्ही तिच्यावरून काढतो. आता तो तुझ्यावर."

मी मान हलवली. दुसरं काय करणार.

"आणि म्हणते, फोनवर नीट रागावता येत नाही. तू इथे ये. पण पेरणीच्या आधी ये, पेरणी सुरू झाली की आम्हाला रागवायला वेळ नसतो."

मेधा माझ्याशी अजून मोजकंच बोलते, आणि तो राग तिचा स्वतंत्र आहे. पण मी तिकडे जाऊन यावं, असं तिचंही म्हणणं आहे. रजा मंजूर झाली, पिवळ्या तापाची लस घेतली, दंड अजून दुखतोय. एप्रिलच्या शेवटी निघतोय. त्या झाडाखाली बसून जिला जे बोलायचं असेल ते बोलू दे. सलामातू एकेक वाक्य इंग्रजीत आणील आणि मी सगळ्या जणींचं ऐकून होईपर्यंत उठणार नाही.

तुझा,
बंडू